पिनकोड फोडू या : सहा अंकी संख्येचे मूळ अवयव हाताने काढण्याची नीट रीत

चिपळूणचा पिनकोड ४१५६०५. जुलैच्या एका दुपारी लाइट गेलेली होती आणि ओटीवर आठ मुलं शिष्यवृत्तीचा अभ्यास करत बसली होती. मी त्यांना ही संख्या देऊन तिचे मूळ अवयव काढायला सांगितले. सहा जणांनी ३ × ५ × २७७०७ असं लिहून वह्या पुढे केल्या. २७७०७ मूळ आहे हे कशावरून, असं विचारलं तर म्हणाले, "कशानेच भाग जात नाही." कशाकशाने बघितलंत? "एकोणीसपर्यंत." उरलेल्या दोघी ९७ पर्यंत गेल्या होत्या. त्यांची चिकाटी मोठी, पण उत्तर त्यांचंही चुकलं.

ही एकच चूक मी इतक्या वह्यांत पाहिली आहे की तिच्यासाठी सगळी रीत पहिल्यापासून लिहून काढतो आहे. उदाहरणांसाठी आपल्या कोकणातलेच पिनकोड घेतले आहेत. ते सहा अंकी असतात आणि सगळ्यांना पाठ असतात. शिवाय पाठ्यपुस्तकातल्या गणितासारखे ते "सुटावेत म्हणून" बनवलेले नसतात. काही पटकन फुटतात, काही अजिबात फुटत नाहीत. पिनकोडातल्या आकड्यांना टपालखात्यात जो अर्थ आहे तो इथे विसरायचा. आपल्यासाठी ती फक्त एक पूर्ण संख्या आहे.

## तयारी : बसण्याआधी काय हाताशी हवं

कोरा कागद, पेन्सिल आणि मूळ संख्यांची यादी. यादी २०० पर्यंतची असली की बहुतेक कामं होतात. १०० पर्यंत २५ मूळ संख्या आहेत, २०० पर्यंत ४६:

२, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३, ७९, ८३, ८९, ९७

१०१, १०३, १०७, १०९, ११३, १२७, १३१, १३७, १३९, १४९, १५१, १५७, १६३, १६७, १७३, १७९, १८१, १९१, १९३, १९७, १९९

ही यादी वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. दर वेळी आठवून लिहू नका, कारण आठवणीतून लिहिताना ५१, ५७, ८७, ९१, ११९, १३३, १४३, १६१, १८७ यांतली एखादी संख्या हमखास घुसते. यांतली एकही मूळ नाही. ९१ म्हणजे ७ × १३ आणि ११९ म्हणजे ७ × १७. अशी संख्या यादीत आली तर उत्तर चुकत नाही, पण एक भागाकार फुकट जातो. यादीतून एखादी खरी मूळ संख्या गळाली तर मात्र उत्तरच चुकतं.

२०० च्या पुढे लागलं तर यादी स्वतः वाढवा. ४०० पर्यंत जायचं असेल तर २, ३, ५, ७, ११, १३, १७ आणि १९ यांच्या पटी खोडल्या की पुरतं, कारण १९ च्या पुढची मूळ संख्या २३ आणि २३ चा वर्ग ५२९.

सावधान : १ ही मूळ संख्या नाही आणि संयुक्तही नाही. तिला अवयवांच्या ओळीत जागा देऊ नका.

## पायरी १ : संख्या नीट उतरवा

सगळ्यात साधी पायरी हीच, आणि दुर्लक्षही हिच्याकडेच होतं. पिनकोड आपण तीन-तीन आकड्यांत म्हणतो आणि लिहितो: ४१५ ६०५. उतरवताना शेजारचे दोन आकडे उलटेसुलटे झाले की पुढची सगळी मेहनत दुसऱ्याच संख्येवर होते. ४१५६०५ च्या जागी ४१६५०५ लिहिणारे दर बॅचला एकदोन तरी निघतात. दोन्हींच्या अंकांची बेरीज २१ च येते, त्यामुळे अंकांच्या बेरजेवर अवलंबून असलेली कुठलीही तपासणी ही चूक पकडत नाही.

ती पकडायची तर एक आड एक बेरीज-वजाबाकी करा, एककापासून सुरुवात करून. ४१५६०५ साठी ५ − ० + ६ − ५ + १ − ४ = ३. ४१६५०५ साठी ५ − ० + ५ − ६ + १ − ४ = १. उतरवलेल्या आकड्यावर आणि दिलेल्या आकड्यावर ही क्रिया वेगवेगळी करून बघा. उत्तरं जुळली नाहीत तर उतरवतानाच चूक झाली आहे. मधलं शून्य गाळू नका. ते गाळलं की पुढची सगळी चिन्हं बदलतात.

तीन-तीनचे ते दोन गट तसेच राहू द्या. पायरी ३ मध्ये त्यांचा फार उपयोग आहे.

## पायरी २ : २, ५ आणि ३ पूर्ण काढून टाका

आता कुडाळ घेऊ: ४१६५२०. शेवटी शून्य आहे, म्हणजे २ आणि ५ दोन्हींनी भाग जाणार. पण "२ ने जातो" एवढं पुरेसं नाही. भाग जायचा थांबेपर्यंत भागत राहायचं:

४१६५२० ÷ २ = २०८२६०
२०८२६० ÷ २ = १०४१३०
१०४१३० ÷ २ = ५२०६५ (विषम, थांबा)
५२०६५ ÷ ५ = १०४१३ (शेवटी ० किंवा ५ नाही, थांबा)
१०४१३ : अंकांची बेरीज ९, ÷ ३ = ३४७१
३४७१ : अंकांची बेरीज १५, ÷ ३ = ११५७
११५७ : अंकांची बेरीज १४, थांबा

आतापर्यंत हाती आलेलं: २³ × ३² × ५, आणि शिल्लक ११५७.

इथे दोन चुका होतात. पहिली, ३ ने एकदा भागून पुढे जाणं. मग ३² च्या जागी नुसते ३ लिहिले जातात आणि दुसरा ३ शिल्लक संख्येत लपून राहतो. पुढे मोठ्या मूळ संख्यांनी भागताना तो कुणाला आठवत नाही. दुसरी चूक जास्त फसवी आहे. अंकांची बेरीज ९ च्या पटीत असेल तर ९ ने भाग जातो, हे खरं. त्यावरून काही जण बेरीज २७ आली की २७ ने भाग जाईल असं धरतात. २९७९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण २७ ने भागलं तर बाकी ९ उरते. असा नियमच नाही. ३ ने एकेकदा भागत गेलात तर त्याची गरजही पडत नाही.

तपासणी : या पायरीनंतर शिल्लक संख्या विषम हवी, शेवटी ५ नको आणि अंकांची बेरीज ३ च्या पटीत नको. यातलं एक जरी बिघडलं तरी मागे जा.

## पायरी ३ : ७, ११ आणि १३ एकाच वजाबाकीत

७ × ११ × १३ = १००१. सहा अंकी संख्येचे तीन-तीनचे दोन गट पाडले, मोठ्यातून लहान वजा केला आणि ती वजाबाकी ७, ११ किंवा १३ यांतल्या ज्याच्या पटीत असेल, त्याने त्या सहा अंकी संख्येलाही भाग जातो. पिनकोड आपण म्हणतोच तीन-तीनमध्ये, त्यामुळे अर्धं काम तोंडीच झालेलं असतं.

कुडाळ: ५२० − ४१६ = १०४. १०४ = ८ × १३. म्हणजे १३ ने जातो, ७ आणि ११ ने नाही.
दापोली, ४१५७१२: ७१२ − ४१५ = २९७ = २७ × ११. ११ ने जातो.
चिपळूण: ६०५ − ४१५ = १९०. ७ च्या पाढ्यात १८९, ११ च्या १८७, १३ च्या १८२. एकानेही जात नाही.
अलिबाग, ४०२२०१: ४०२ − २०१ = २०१. ७ ला १९६, ११ ला १९८, १३ ला १९५. नाही.

देवगड (४१६६१३) आणि रत्नागिरी (४१५६१२) या दोघांची वजाबाकी १९७ येते. तिलाही या तिघांपैकी कोणाचाच भाग जात नाही. दोन पिनकोडांचा निकाल एकाच ओळीत लागला.

वजाबाकी शून्य आली, म्हणजे दोन्ही गट सारखेच असले, तर तिघांनीही भाग जातो. मुलं शून्य बघून "भाग जात नाही" असं लिहून टाकतात, ते चूक.

सावधान : ही कसोटी फक्त "जातो की नाही" एवढंच सांगते, किती वेळा जातो ते नाही. भाग गेला की खरोखर भागा आणि भागाकारावर पुन्हा बघा. कुडाळची शिल्लक ११५७ ÷ १३ = ८९. ८९ ला १३ ने पुन्हा जात नाही, आणि ८९ यादीतच आहे. कुडाळ संपलं:

४१६५२० = २³ × ३² × ५ × १३ × ८९

दापोलीही फार दूर नाही. ४१५७१२ पाच वेळा निम्मं केलं की १२९९१ उरतात, त्याला ११ ने भागलं की ११८१. आता ११८१ मूळ आहे का? चिपळूणच्या वह्या इथूनच चुकायला लागतात.

## पायरी ४ : शिल्लक संख्येची भिंत ठरवा

लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. घाई असेल तर बाकीचं वरवर वाचा, हे मात्र सावकाश वाचा.

कुठल्याही संख्येचे विभाजक जोडीने येतात, एक लहान आणि एक मोठा. दोघांचा गुणाकार ती संख्या. दोन्ही एकदम वर्गमूळापेक्षा मोठे असूच शकत नाहीत, नाहीतर गुणाकार संख्येच्या पुढे जाईल. म्हणून वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासल्या आणि कशानेच भाग गेला नाही, तर ती संख्या मूळ. वर्गमूळाच्या आधी थांबलात तर काहीच सिद्ध होत नाही. वर्गमूळाच्या पुढे गेलात तर वेळ फुकट. वर्गमूळाला मी भिंत म्हणतो, कारण मुलांना तो शब्द लक्षात राहतो.

भिंत काढायला वर्गमूळाची मोठी रीत लागत नाही. अंदाजाने दोन वर्ग काढा. २७७०७ साठी: १६६² = २७५५६, १६७² = २७८८९. म्हणजे भिंत १६६. यादीत १६६ च्या आतली शेवटची मूळ संख्या १६३. तिथपर्यंत जायलाच हवं. १९ वर थांबणारे भिंतीपासून किती लांब होते ते बघा. ९७ पर्यंत गेलेल्या दोघींना मात्र आणखी दोनच भागाकार हवे होते. १०१ ने जात नाही, १०३ ने जातो:

२७७०७ = १०३ × २६९

२, ३, ५, ७, ११, १३ आधीच झालेल्या होत्या. १७ पासून १०३ पर्यंत २१ मूळ संख्या आहेत. वीस अपयशं, एकविसावं यश. विसाव्या अपयशानंतर "आता काही निघत नाही" असं वाटणं साहजिक आहे, पण त्या वाटण्यावर उत्तर लिहायचं नाही. भिंत कुठे आहे ते बघायचं आणि तिथपर्यंत जायचं.

दापोलीच्या ११८१ ची भिंत ३४ (३४² = ११५६, ३५² = १२२५). ११ पासून ३१ पर्यंत तपासलं की झालं, कशानेही जात नाही. ४१५७१२ = २⁵ × ११ × ११८१. तपासताना ११ पुन्हा का घेतला? कारण ११ ने एकदा भाग गेला म्हणजे दुसऱ्यांदा जाणार नाही असं नाही.

तपासणी : भागायला सुरुवात करण्याआधी कागदाच्या वर "भिंत = ..." असं लिहा. भिंत लिहिलेली नसेल तर मी ती वही परत करतो.

## पायरी ५ : भागाकार पटापट कसे करायचे

एकवीस लांब भागाकार करायचे म्हटलं की मुलांचा धीर सुटतो. पण इथे बाकी किती हे नकोच आहे, भाग जातो की नाही एवढंच हवं आहे. त्यासाठी "शेवटी शून्य आणा" ही युक्ती वापरा. भाजकाची अशी पट मिळवा किंवा वजा करा की शेवटचा अंक ० होईल. मग ते शून्य टाकून द्या. २ आणि ५ आपण आधीच काढले आहेत, त्यामुळे शून्य टाकल्याने भाजकाच्या बाबतीत काही बदलत नाही.

२७७०७ आणि १०३: २७७०७ + १०३ = २७८१०, शून्य टाकलं, २७८१. आता १०३ × ७ = ७२१; २७८१ − ७२१ = २०६०, शून्य टाकलं, २०६. म्हणजे १०३ ची दुप्पट. जातो.

२७७०७ आणि ४३: २७७०७ + ४३ = २७७५०, २७७५. ४३ × ५ = २१५; २७७५ − २१५ = २५६०, २५६. ४३ × ६ = २५८. जात नाही.

मधे एखादी सम संख्या आली तर तिला २ ने भागूनही चालतं. त्याने संख्या लवकर लहान होते.

सावधान : या युक्तीत शेवटी उरलेला आकडा म्हणजे बाकी नव्हे. वर ४३ साठी २५६ उरले, पण २७७०७ ला ४३ ने भागल्यावर खरी बाकी १५ आहे. फक्त जातो किंवा जात नाही, एवढाच निकाल घ्या.

प्रत्येक अपयशाची नोंद ठेवा. भाजक लिहून त्यापुढे शेवटी उरलेला आकडा लिहा. नुसती फुली मारू नका. चूक शोधायला मागे यावं लागलं तर फुलीवरून काही कळत नाही.

मोबाइलचा कॅल्क्युलेटर वापरायला माझी हरकत नाही. फक्त दशांश चिन्हानंतर काहीही आलं की भाग जात नाही, ते कितीही "जवळ" वाटलं तरी. देवगडच्या गणितात ७३०९ ला ४३ ने भागलं तर १६९.९७ च्या आसपास येतं आणि मुलं १७० धरून मोकळी होतात. ४३ × १७० = ७३१०. एकाने हुकलं, म्हणजे हुकलंच.

## पायरी ६ : अवयव सापडला की भिंत पुन्हा बांधा

अलिबागवर हे चांगलं दिसतं. ४०२२०१ च्या अंकांची बेरीज ९. ३ ने दोनदा भागून ४४६८९. भिंत २११ (२११² = ४४५२१, २१२² = ४४९४४). ७, ११, १३ झालेत. १७ नाही, १९ नाही. २३ करून बघा: २३ × ३ = ६९; ४४६८९ − ६९ = ४४६२०, ४४६२; २३ × ६ = १३८; ४४६२ + १३८ = ४६००. जातो. भागाकार १९४३.

आता दोन गोष्टी लगेच करायच्या. जुनी भिंत खोडून नवी लिहायची: ४४² = १९३६, ४५² = २०२५, म्हणजे भिंत ४४. आणि पुन्हा २ पासून सुरुवात करायची नाही. २३ च्या आतलं सगळं झालेलं आहे, २३ पासूनच पुढे जायचं. २३ ने पुन्हा जात नाही (२३ × ८४ = १९३२). २९ ने जातो: १९४३ = २९ × ६७. आणि ६७ हे २९ च्या वर्गापेक्षा फार लहान, म्हणजे मूळच.

४०२२०१ = ३² × २३ × २९ × ६७

जुन्या २११ च्या भिंतीपर्यंत झगडत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं उत्तर बरोबर येतं, पण परीक्षेत वेळ संपतो.

चिपळूणच्या २६९ लाही हाच नियम लागतो. १०३ च्या आतलं सगळं झालेलं होतं आणि १०३² म्हणजे १०६०९, २६९ च्या कितीतरी पुढे. एकही नवा भागाकार न करता २६९ मूळ.

देवगड: ४१६६१३ = ३ × १३८८७१. १७ ने जात नाही, १९ ने जातो, भागाकार ७३०९. भिंत ८५ (८५² = ७२२५, ८६² = ७३९६). १९ ते ८३ पर्यंतच्या १६ मूळ संख्यांपैकी एकानेही जात नाही. ७३०९ मूळ. ४१६६१३ = ३ × १९ × ७३०९.

आणि रत्नागिरी. ४१५६१२ = ४ × १०३९०३, भिंत ३२२ (३२२² = १०३६८४). १७ ते ३१७ पर्यंत ६० मूळ संख्या, आणि साठच्या साठ अपयशी. १०३९०३ मूळ आहे. हे गणित मी मुद्दाम एकदा तरी पूर्ण करायला लावतो, साठही भागाकार. कंटाळवाणं आहे, मान्य. पण "मूळ आहे" असं म्हणायला किती तपासावं लागतं ते त्याशिवाय अंगात मुरत नाही.

## पायरी ७ : उलट तपासणी

सगळे अवयव चढत्या क्रमाने घातांकासह लिहा आणि गुणाकार करून सुरुवातीची संख्या येते का बघा. गुणाकाराआधी दहा सेकंदांची एक चाचणी आहे. प्रत्येक अवयवाच्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करा आणि त्यांचा गुणाकार करा. चिपळूण: ३, ५, १०३ चे ४, २६९ चे ८. ३ × ५ × ४ × ८ = ४८०, त्याचे ३. आणि ४१५६०५ चे २१, म्हणजे ३. जुळलं. जुळलं नाही तर नक्की चूक आहे. जुळलं तर चूक असण्याची शक्यता कमी झाली, एवढंच. म्हणून पूर्ण गुणाकार टाळू नका.

## पायरी ८ : विभाजक किती, त्यांची बेरीज किती

अवयव हाती आले की पुढचं सोपं आहे, पण चुका इथेही ठरलेल्या आहेत.

विभाजकांची संख्या काढायला प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा. कुडाळचे घातांक ३, २, १, १, १. म्हणून ४ × ३ × २ × २ × २ = ९६ विभाजक. घातांकांचाच गुणाकार करणारे ६ लिहितात. न लिहिलेला घातांक १ असतो हे विसरणारे १२ लिहितात. रत्नागिरीचे ३ × २ = ६ विभाजक, सगळे हातावर मोजता येतात: १, २, ४, १०३९०३, २०७८०६, ४१५६१२.

याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ आंब्याच्या पेटीत लगेच दिसतो. समजा ४१६५२० आंबे आहेत. पाच डझनी पेटीत ६० बसतात; ६० = २² × ३ × ५, हे सगळे अवयव कुडाळच्या यादीत आहेत, म्हणून बरोबर ६९४२ पेट्या. सहा डझनी पेटीत ७२ = २³ × ३², हेही आहेत; ५७८५ पेट्या. चार डझनी पेटीत मात्र ४८ = २⁴ × ३. आपल्याकडे २ चा घात ३ च आहे, चौथा २ नाही. म्हणून ८६७७ पेट्या भरून २४ आंबे उरणार. भागाकार न करताच, नुसते घातांक बघून, कुठली पेटी जमेल ते सांगता येतं.

विभाजकांची बेरीज: प्रत्येक मूळ अवयवासाठी १ पासून त्याच्या सर्वांत मोठ्या घातापर्यंतची बेरीज घ्या, मग त्या सगळ्यांचा गुणाकार. कुडाळ:

(१ + २ + ४ + ८) × (१ + ३ + ९) × (१ + ५) × (१ + १३) × (१ + ८९)
= १५ × १३ × ६ × १४ × ९० = १४,७४,२००

२³ साठी (१ + ८) लिहिणं ही नेहमीची चूक. मधले २ आणि ४ हेही विभाजकच आहेत. संख्या स्वतः वगळली तर १०,५७,६८० उरतात, संख्येच्या अडीच पटीपेक्षाही जास्त. चिपळूणची बेरीज ४ × ६ × १०४ × २७० = ६,७३,९२०; स्वतःला वगळून २,५८,३१५, संख्येपेक्षा कमी. ही बेरीज संख्येइतकीच आली तर ती परिपूर्ण संख्या, जशा ६, २८, ४९६, ८१२८. त्यानंतरची थेट ३,३५,५०,३३६. म्हणजे सहा अंकांत एकही परिपूर्ण संख्या नाही. तुमचं उत्तर तसं येत असेल तर बेरीज पुन्हा करा.

## पायरी ९ : पूर्ण वर्ग आहे का

सगळे घातांक सम असले तरच पूर्ण वर्ग. कुडाळमध्ये २, ५, १३ आणि ८९ यांचे घातांक विषम आहेत. पूर्ण वर्ग करायला लागणारी सर्वांत लहान संख्या २ × ५ × १३ × ८९ = ११५७०, आणि येणाऱ्या वर्गाचं वर्गमूळ ६९४२०. मुलं इथे ३ नेही गुणतात. ३ चा घातांक २ आहे, तो समच आहे, त्याला हात लावायचा नाही.

## पायरी १० : दोन संख्यांचा मसावि काढायला अवयव लागतातच असं नाही

कुडाळ आणि चिपळूण यांचा मसावि अवयवांवरून ३ × ५ = १५. पण एखादी संख्या रत्नागिरीसारखी हट्टी असेल तर साठ भागाकार करत बसण्याऐवजी भागाकार पद्धत घ्या. ४१६५२० − ४१५६०५ = ९१५. मग ४१५६०५ ला ९१५ ने भागून बाकी १९५. ९१५ ला १९५ ने, बाकी १३५. १९५ ला १३५ ने, बाकी ६०. १३५ ला ६० ने, बाकी १५. ६० ला १५ ने, बाकी ०. मसावि १५.

शेजारच्या पिनकोडांना तर वजाबाकीच पुरते. मालवण ४१६६०६, देवगड ४१६६१३, फरक ७. मसावि या फरकाचा विभाजकच असणार, म्हणजे १ किंवा ७. देवगडला ७ ने भाग जात नाही हे पायरी ३ मध्ये बघितलं. म्हणून दोन्ही सहमूळ, म्हणजे १ शिवाय दोघांचा सामाईक विभाजक नाही. मालवणचा एकही अवयव काढावा लागला नाही.

लसावि हवा असेल तर आधी भागा, मग गुणा: ४१६५२० ÷ १५ = २७७६८, आणि २७७६८ × ४१५६०५ = ११,५४,०५,१९,६४०. आधी गुणाकार केलात तर विनाकारण आणखी मोठी संख्या हाताळावी लागते.

## स्वतः करून बघा

कणकवली, ४१६६०२. पायरी २ मध्ये एकदाच २ निघतो. पायरी ३ मध्ये वजाबाकी १८६, त्यातून काही निघत नाही. भिंत लिहा आणि १७ पासून सुरू करा. पहिल्याच भागाकारात यश येईल, आणि बरेच जण तिथेच थांबतात. उरलेल्या १२२५३ ची भिंत ११० आहे (११०² = १२१००, १११² = १२३२१). १७ पासून १०९ पर्यंतच्या तेवीसही मूळ संख्या वहीत दिसल्या पाहिजेत, १७ पुन्हा एकदा धरून. उत्तर २ × १७ × १२२५३ असं येतं. ते इथे आधीच सांगून टाकलं आहे, कारण वहीत मी उत्तर बघत नाही, ती तेवीस टिपणं बघतो.